शून्याकडे जाणारी रेषा

दहावीच्या गणिताचा पहिलाच धडा दोन चलांतील रेषीय समीकरणांचा आहे. महाराष्ट्रातली लाखो मुले दरवर्षी तो सोडवतात, दोन रेषा कुठे छेदतात ते शोधून गुण मिळवतात, आणि बहुतेकांचा त्या रेषेशी संबंध तिथेच संपतो. मात्र शहरांचे पाणी, देशांचे तेल आणि हवामान परिषदांमधल्या वाटाघाटी आजही त्याच रेषेवर चालतात. साठा इतका आहे, रोजचा खर्च इतका आहे, तर पुरेल किती दिवस? उभ्या अक्षावर उरलेला साठा मांडा, आडव्या अक्षावर दिवस. रेषा जिथून सुरू होते तो आजचा साठा, तिचा चढ म्हणजे रोजचा खर्च (इथे तो ऋण असतो), आणि ती आडव्या अक्षाला जिथे टेकते ती तारीख म्हणजे खडखडाट.

हे इतके सोपे आहे की त्यात गृहीत काय धरले आहे, हे पाहायला कोणी थांबत नाही. रोजचा खर्च बदलणार नाही, मध्ये नवी भर पडणार नाही, आणि शून्य कुठे आहे ते आपल्याला ठाऊक आहे, अशी ही तीन गृहीतके. पहिल्या दोहोंवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिसऱ्याकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते खरी गफलत तिथेच होते.

निसर्गाला सरळ रेषेचे फारसे प्रेम नाही, हे माणसाला फार पूर्वी कळले होते. इजिप्तमध्ये कर्नाकच्या मंदिर परिसरात तिसऱ्या आमेनहोतेपच्या काळातले, म्हणजे इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातले, एक जलघड्याळ सापडले. तळाशी छिद्र असलेले दगडी भांडे, आतल्या बाजूला तासांच्या खुणा. या भांड्याच्या भिंती उभ्या नाहीत. त्या खाली निमुळत्या होत जातात. कारण असे की भांडे भरलेले असताना दाब जास्त, म्हणून पाणी जोरात बाहेर पडते. पातळी उतरली की धार मंदावते. भिंती तिरक्या केल्याने खालच्या भागात पाणी कमी मावते आणि मंद धारेतही पातळी जवळपास पूर्वीच्याच वेगाने उतरते. या धारेचा नियम पुढे सतराव्या शतकात इटलीच्या टॉरिचेल्लीने मांडला. त्याचा एक परिणाम मोठा गमतीचा आहे. उभ्या भिंतींची १,००० लिटरची टाकी तळाच्या तोटीने एका तासात रिकामी होत असेल, तर अर्ध्या तासानंतर तिच्यात ५०० लिटर उरत नाहीत, २५० उरतात. सरळ रेषेच्या भरवशावर बसलेला माणूस इथे निम्म्याने फसतो. आपल्याकडच्या घटिकापात्राने ही कटकटच टाळली. छिद्राचे भांडे पाण्यावर सोडायचे, ते भरून बुडाले की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे. मधला प्रवास सरळ की वाकडा, याच्याशी देणेघेणे नाही.

मग साठा सरळ रेषेत उतरतो तरी केव्हा? याचे चांगले उत्तर वैद्यकात मिळते. बहुतेक औषधांचे रक्तातले प्रमाण ठरावीक काळाने निम्मे, मग त्याचे निम्मे, असे उतरते. त्याचा आलेख वक्र असतो. मद्यार्क मात्र जवळजवळ सरळ रेषेत उतरतो, सरासरीने १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास. यकृतातली विकरे आधीच पूर्ण क्षमतेने राबत असतात. साठा कितीही असला तरी त्याहून जास्त निचरा होऊ शकत नाही. म्हणजे बाहेर पडण्याची वाट अरुंद आणि ती सतत भरलेली असेल, तर रेषा सरळ येते. साठ्याच्या आकाराला तिथे काही मत नसते.

मोठ्या शहराचा पाणीपुरवठा नेमका असाच असतो. मुंबईला अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी या सात तलावांतून पाणी येते. सातही भरले की महापालिकेच्या हिशेबाने साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर होतो. त्यातला जवळपास निम्मा एकट्या भातशात; तुळशीचा वाटा एक टक्कासुद्धा नाही. तरी तुळशी ओसंडून वाहू लागला की बातमी होते, कारण तो लहान असल्याने लवकर भरतो. शहराचा रोजचा पुरवठा गेली काही वर्षे ३,८५० ते ४,००० दशलक्ष लिटरच्या पट्ट्यात आहे. शुद्धीकरण केंद्रे आणि जलवाहिन्या जितके वाहून आणू शकतात तितकेच पाणी येते, म्हणून हा आकडा फारसा हलत नाही. भागाकार केला तर उत्तर वर्षभराच्या आसपास येते. पावसाळा दरवर्षी येतो, वर्षभराचा साठा आहे, मग चिंता कसली?

चिंता कसली ते २०२४च्या उन्हाळ्याने दाखवले. आदल्या पावसाळ्याअखेर तलाव जवळपास भरलेले होते. २५ मे २०२४ला साठा १,४०,२०२ दशलक्ष लिटर, म्हणजे ९.६९ टक्के उरला. १ ऑक्टोबरपासून तोवर २३७ दिवस झाले होते. पुरवठ्याच्या आकड्याने गणित केले, रोजचे अगदी ३,९५० धरले, तर त्या दिवशी तलावांत एक तृतीयांशाहून जास्त पाणी असायला हवे होते. प्रत्यक्षातली घट रोज ५,४०० ते ५,५०० दशलक्ष लिटरची निघते. शहरात पोचणारे पाणी आणि तलावातून कमी होणारे पाणी हे दोन वेगळे आकडे आहेत; मधल्या फरकात ऊन असते, गळती असते, इतर वाटेकरी असतात. या उदाहरणात रेषेचा काहीच दोष नाही. तलावाची घट खरोखर बरीचशी सरळ रेषेत होते. चुकतो तो चढ. पुरवठ्याच्या कागदावरून चढ काढला तर रेषा जुलैनंतरची तारीख सांगते, आणि तलावाच्या नोंदींवरून काढला तर जूनमधली. त्या वर्षी ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात झाली, आणि भातसा व अप्पर वैतरणा यांतल्या सुमारे २ लाख २८ हजार दशलक्ष लिटर राखीव साठ्याचा आधार घ्यावा लागला. आता याच गणिताने पाहा. चढ १० टक्क्यांनी कमी केला, तर उरलेले दिवस ११ टक्क्यांनी वाढतात. मग रोजची घट १० टक्क्यांनी कमी करणारी कपात डिसेंबरात केली तर दीडशे दिवसांचे पाणी सोळा-सतरा दिवस जास्त पुरते. जूनमध्ये केली तर तीस दिवसांचे जेमतेम तीन-साडेतीन दिवस. उशिरा केलेली कपात ही बहुधा आपण काहीतरी करतो आहोत हे दाखवण्यापुरती असते, असे माझे स्पष्ट मत आहे. नोव्हेंबरात नळ कमी करण्याचे धैर्य मात्र राजकीयदृष्ट्या अवघड. मुंबईने ते २०१८ साली दाखवले होते. तेव्हा १० टक्के कपात नोव्हेंबरातच लागू झाली.

सिंचनाच्या धरणांत रेषा आणखी बिघडते. तिथे पाणी आवर्तनाने सुटते: कालवा काही आठवडे वाहतो, मग बंद होतो. आलेख जिन्यासारखा दिसतो. आवर्तन चालू असताना दोन नोंदी घेऊन कोणी रेषा ओढली तर धरण महिन्यात आटणार असे दिसेल, आणि बंद असताना ओढली तर ते कधीच आटणार नाही असे. अख्ख्या हंगामाच्या नोंदींमधून जाणारी रेषा हवी. बिंदूंच्या गर्दीतून सर्वांत योग्य रेषा काढण्याची न्यूनतम वर्गांची रीत फ्रेंच गणिती लजांद्रने १८०५मध्ये छापली, तीही धूमकेतूंच्या कक्षांसाठी. आपल्या कालवा सल्लागार समित्यांचे नियोजन १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर बेतलेले असते, ते याच अर्थाने शहाणपणाचे आहे: सुरुवातीचा बिंदू पक्का, मग पुढची आवर्तने किती हे ठरवायचे. पैठणच्या जायकवाडीचा वादही याच तारखेभोवती फिरतो. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४च्या आदेशानुसार १५ ऑक्टोबरला तिथे उपयुक्त साठा ६५ टक्क्यांखाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न येतो, आणि मग नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असा सामना ठरलेला.

जायकवाडी आणखी एका कारणाने शिकवणारे धरण आहे. त्याचा जलाशय नाथसागर उथळ आणि अवाढव्य पसरलेला, पूर्ण भरल्यावर सुमारे ३५० चौरस किलोमीटर. एवढ्या पृष्ठभागावरून फक्त १ मिलिमीटरचा थर उडाला तरी ३५ कोटी लिटर पाणी गेले, आणि उन्हाळ्यात एका दिवसात याच्या कित्येक पट उडते. ही घट पाण्याच्या पसाऱ्यावर अवलंबून असते. साठा उतरला की पसारा आक्रसतो आणि बाष्पीभवन कमी व्हायला हवे. पण नेमके त्याच महिन्यांत ऊन तापत जाते. दोन वक्र एकमेकांवर पडतात आणि पुष्कळदा बेरीज सरळ रेषेसारखी दिसते. म्हणजे रेषा बरोबर येते, पण तिच्यामागचे कारण आपण समजतो ते नसते. पातळीचे गणित याहून निराळे. डोंगरातल्या, खाली अरुंद होत जाणाऱ्या धरणात साठा रोज सारखा घटला तरी पाण्याची पातळी आधी हळू आणि शेवटी भराभर उतरते. काठावरच्या माणसाला त्यामुळे जानेवारीत सगळे आलबेल वाटते आणि एप्रिलमध्ये पाणी एकदम पळाल्यासारखे.

आता ते तिसरे गृहीतक, शून्याचे. उजनी धरणाची पूर्ण क्षमता ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला सुमारे ६४ टीएमसी मृतसाठा आणि ५३-५४ टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी उपयुक्त साठ्याची सांगतात. म्हणून सोलापूर जिल्ह्यात दर दोन-तीन उन्हाळ्यांनी एक अजब वाक्य ऐकू येते: धरण उणे २० टक्के, उणे ४० टक्के. २०२४च्या जूनमध्ये तर ते उणे ५०च्याही खाली गेले होते. रेषा आडव्या अक्षाला टेकून खाली निघून गेली, तरी पाणी आहेच, आणि पंप टाकून उपसलेही जाते आहे. म्हणजे शून्य हे निसर्गाने आखलेले नव्हते. दरवाजाच्या तळाची उंची ठरवणाऱ्या अभियंत्याने ते आखले होते. मृतसाठा गाळासाठी आणि अडीनडीसाठी राखलेला असतो. दरवर्षी तो वापरायची सवय लागली की नियोजनाची रेषा मुळातच खोट्या शून्याकडे जाऊ लागते. उजनीत बुडालेले पळसदेवचे जुने मंदिर पाण्याबाहेर आले की लोक ते पाहायला गर्दी करतात. शून्य ओलांडल्याची त्याहून ढळढळीत खूण दुसरी नसेल, पण ती सहलीचे निमित्त ठरते.

खर्च वाढत गेला तर सरळ रेषेचे काय होते, याचा उत्तम धडा कोळशाने दिला. १८६० च्या सुमारास एडवर्ड हल या भूगर्भशास्त्रज्ञाने ब्रिटनचा कोळसा सुमारे ८,००० कोटी टन असल्याचा अंदाज केला. तेव्हाचे वार्षिक उत्पादन ८ कोटी टनांच्या आसपास. सरळ भागाकार सांगतो: हजार वर्षे निश्चिंत. १८६५मध्ये अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅनली जेव्हन्सने ‘द कोल क्वेश्चन’ लिहून ही निश्चिंती मोडली. खप दरवर्षी साडेतीन टक्क्यांनी वाढतो आहे, मग तीच हजार वर्षे शंभराच्या थोडी पुढे येऊन थांबतात. त्याचे गणित निर्दोष होते. तरी घडले तिसरेच. ब्रिटनची शेवटची मोठी भूमिगत खाण, केलिंग्ली, डिसेंबर २०१५मध्ये बंद झाली आणि कोळशावरचे शेवटचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ला. जमिनीखाली कोळसा अजून आहे. गिऱ्हाईक उरले नाही. सरळ रेषा चुकली, वक्र रेषाही चुकली, कारण मागणी राहणारच, असे दोघींनी धरले होते.

तेलाची कथा उलट्या दिशेने चुकते. तेलाचा ज्ञात साठा भागिले वार्षिक उत्पादन, हे गुणोत्तर तेल कंपन्या वर्षानुवर्षे छापत आल्या. १९८०मध्ये ते सुमारे ३० वर्षे होते. त्या हिशेबाने २०१० साली जग कोरडे पडायला हवे होते. २०२०मध्ये तेच गुणोत्तर ५३ वर्षांच्या आसपास निघाले. साठा हा शब्दच इथे फसवा आहे: आजच्या भावात आणि आजच्या तंत्राने जेवढे काढता येते तेवढाच साठा म्हणून मोजतात. १९५६मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ किंग हबर्टने सांगितले होते की तेल टाकीसारखे एकाएकी संपत नाही, उत्पादन चढते, शिखर गाठते आणि उतरते. अमेरिकेसाठी त्याने १९६५ ते १९७० हा काळ दिला होता, आणि १९७०ला शिखर आलेही. त्याची कीर्ती त्यावर उभी राहिली. मग खडक फोडून तेल काढण्याचे तंत्र आले आणि २०१८मध्ये अमेरिकेने ते शिखर ओलांडले. एवढ्यावरून ‘संपण्याचे सगळे अंदाज थोतांड’ म्हणणारा एक वर्ग तयार झाला आहे. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की तेलाला पर्याय शोधता येतो, भाव वाढला की नव्या विहिरी परवडतात. लातूरला पाणी देणाऱ्या मांजरा धरणात भाव वाढवून पाणी येत नाही.

लातूरच्या पाणीटंचाईचे नाव घेतल्यावर दक्षिण आफ्रिकेतले केपटाउन आठवणे अपरिहार्य आहे. सरळ रेषेचा इतका उघड, इतका सार्वजनिक वापर दुसऱ्या कुठल्या शहराने केल्याचे मला माहीत नाही. तीन वर्षांच्या अवर्षणानंतर महापालिकेने जाहीर केले की धरणे १३.५ टक्क्यांवर आली की घरोघरचे नळ बंद होतील आणि लोकांना रांगेत उभे राहून पाणी न्यावे लागेल. त्या दिवसाला नाव दिले ‘डे झीरो’. शून्य कुठे मांडायचे ते त्यांनी स्वतः ठरवले आणि लोकांना सांगितले. खालचे शेवटचे पाणी उपसता येत नाही, म्हणून खरे शून्य वर घेतले. चढ आठवड्याच्या खपावरून, पाऊस शून्य धरून. दर आठवड्याला नवी रेषा, नवी तारीख. जानेवारी २०१८मध्ये तारीख होती २१ एप्रिल, मग ती १२ एप्रिलवर आली. माणशी ५० लिटरची मर्यादा १ फेब्रुवारीपासून लागली. शेतीचा उपसा घटला, शेतकऱ्यांनी आपल्या साठ्यातले पाणी शहराला सोडले, आणि तारीख मे, जून, जुलैकडे सरकत मार्चमध्ये वर्षापुरती रद्दच झाली. शहराचा खप तीन वर्षांत रोजच्या सुमारे १,२०० दशलक्ष लिटरवरून ५००च्या थोडा वर आला होता. अंदाज चुकला म्हणून नंतर टीकाही झाली, घबराट पसरवली म्हणून. टीका मला पटत नाही. त्या रेषेचे कामच आपण खोटे ठरावे हे होते.

लातूरमध्ये २०१६ साली अशी तारीख कोणी दर आठवड्याला लोकांपुढे ठेवली नाही. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी आली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी. पहिल्या गाडीला १० टँकर डबे, सुमारे ५ लाख लिटर. २०१९मध्ये चेन्नईनेही जोलारपेट्टैहून तेच केले.

भूजलाच्या बाबतीत मात्र सरळ रेषा वापरूच नये, असे मी म्हणेन. दख्खनचा बेसाल्ट वरच्या थरांत झिजलेला, भेगाळलेला; पाणी तिथेच साठते. त्याखाली अखंड काळा पाषाण. विहिरीची पातळी जानेवारी-फेब्रुवारीत रोज थोडी थोडी उतरते, रेषा सुंदर सरळ येते, शेतकरी उन्हाळी पिकाचा हिशेब तिच्यावर मांडतो, आणि झिजलेला थर संपला की विहीर आठवडाभरात तळ दाखवते. बोअरला तर एका भेगेचे पाणी तुटले की संध्याकाळी चालणारा पंप सकाळी नुसती हवा ओढतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. जिल्ह्याचा कल समजायला ते पुरेसे आहे. एका शेताची तारीख सांगायला अजिबात नाही. इथे रेषेपेक्षा ताळेबंद बरा. हिवरे बाजार या गावाने तो करून दाखवला: पाऊस मोजायचा, त्यावरून पाणी किती मुरले याचा अंदाज करायचा, पिण्याचे आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यात कोणती पिके बसतात ते ग्रामसभेत ठरवायचे. उसाला नकार, सिंचनासाठी बोअरला नकार. थोडक्यात, चढ आधी ठरवला आणि मग पेरणी केली.

हाच विचार सगळ्यात मोठ्या साठ्याला लावता येतो, वातावरणात अजून किती कार्बन डायऑक्साइड सोडता येईल या साठ्याला. आंतरसरकारी हवामान समितीच्या २०२१च्या अहवालाने सांगितले की तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याची निम्मी शक्यता हवी असेल तर २०२०च्या सुरुवातीपासून ५०० अब्ज टन शिल्लक आहेत. जगाचे उत्सर्जन वर्षाला साधारण ४० अब्ज टन. सरळ भागाकाराने साडेबारा वर्षे. पण उत्सर्जनच दरवर्षी सारख्याच टनांनी कमी करत शून्यावर नेले, तर तोच साठा पंचवीस वर्षे पुरतो, कारण आयताच्या जागी त्रिकोण येतो आणि त्याच क्षेत्रफळाला दुप्पट पाया मिळतो. नववीतल्या मुलाला समजावे असे हे गणित आहे. उतरण सुरू करायला एकेक वर्ष उशीर झाला की त्रिकोण अधिक उभा होत जातो, आणि गेल्या काही वर्षांत तेच चालले आहे.

जलसंपदा विभाग धरणांचे टक्के रोज जाहीर करतो आणि वर्तमानपत्रे ते छापतात. ‘गतवर्षी याच दिवशी इतके टक्के’ हेही छापतात, ज्याचा यंदा पाणी कधी संपेल याच्याशी फार थोडा संबंध असतो. त्या जागी दोन आकडे द्यावेत: आवर्तनांचे चढउतार वगळून निघालेली रोजची सरासरी घट, आणि पाऊस आलाच नाही तर त्या घटीने साठा कोणत्या तारखेला संपेल ती तारीख, मृतसाठा न धरता. हे काम १५ ऑक्टोबरपासून सुरू व्हावे, मेमध्ये नव्हे.